रात्री दोनची धास्ती: मानेच्या मणक्याची दुखापत, झोप आणि सांगलीतल्या एका घरातले काही महिने

हे प्रकरण एकाच माणसाचं म्हणून लिहिलं आहे, पण तपशील अशा अनेक घरांत सारखेच दिसणारे जुळवून घेतले आहेत. कोणाची ओळख पटू नये हा हेतू. या टिपणापुरतं त्यांना अण्णा म्हणू.

अण्णांचं वय ३६. सात वर्षांपूर्वी मे महिन्यात विहिरीत सूर मारला, पाणी तळाला गेलं होतं, डोकं कातळावर आपटलं. दुखापत मानेत, सी-५ (मानेतला पाचवा मणका) पातळीची आणि पूर्ण. खांदे उचलतात, कोपरं दुमडतात. मनगटं, बोटं, धड, पाय हलत नाहीत आणि तिथलं काही कळतही नाही. लघवीला कायमचा कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात बसवलेली नळी, पोट एक दिवसाआड सकाळी साफ करावं लागतं. घर सांगलीत कर्नाळ रस्त्याकडच्या सखल भागात, दोन खोल्यांचं. घरात वहिनी (म्हणजे अण्णांची बायको), आई आणि अकरावीतला पुतण्या.

तक्रार एका वाक्याची होती: रात्री दीड-दोनला दचकून जाग येते, श्वास पुरत नाही, आता आपण जाणार असं वाटतं. वहिनींचं म्हणणं, "दिवसा चांगले बोलत असतात. रात्र झाली की सुरू हुतंय." जवळच्या दवाखान्यातून क्लोनाझेपामची (घबराट कमी करून झोप आणणारी) अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली होती. पहिले चार-पाच दिवस बरे गेले. मग सकाळी डोकं जड, दुपारभर डुलक्या, आणि रात्रीची घाबरगुंडी होती त्याहून वाढली. घरच्यांनी अर्थ काढला की गोळी कमी पडते. अर्थ नेमका उलटा होता, पण ते कळायला नोंदी लागल्या.

चौदा रात्रींची नोंद

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत मावेल एवढंच लिहायचं ठरलं: जाग किती वाजता, रक्तदाब, नाडी, कोणत्या कुशीवर होते, नळीतून लघवी वाहत होती का, लाइट होती का. रक्तदाबाचं यंत्र दंडावर बांधायचं, मनगटावरचं नको. त्याआधी तीन दिवस सकाळी निवांत पडलेले असताना मोजून अण्णांचा नेहमीचा आकडा काढला. तो ९५/६० च्या आसपास निघाला. मानेच्या दुखापतीत एवढा कमी रक्तदाब नेहमीचाच. हा आकडा घरात सगळ्यांना पाठ हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पंधरवड्यानंतर कॅलेंडर बघितलं तर एक भीती नव्हतीच. तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच तासाला येऊन एकाच नावाने ओळखल्या जात होत्या.

काही रात्री रक्तदाब १४० ते १५० वर गेलेला, नाडी मंद, चेहरा लाल, कपाळावर घाम, नाक चोंदलेलं आणि डोकं ठणकत होतं. या सगळ्या रात्री ते डाव्या कुशीवर होते आणि युरोबॅगेत (लघवीच्या पिशवीत) दोन तासांत जेमतेम लघवी आली होती. दुसऱ्या काही रात्री रक्तदाब नेहमीचा, पण जाग येण्याआधी घोरणं, मग शांतता, मग गुदमरल्यासारखा आवाज. पुतण्याने मोबाइलवर तो रेकॉर्डच केला. तिसरा गट लाइट गेलेल्या रात्रींचा: पंखा बंद, एअर बेडचा (दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून घेतलेल्या हवेच्या गादीचा) पंप बंद, अंधार. आणि उरलेल्या रात्री अंगात काहीच नव्हतं, फक्त विचार. त्या पावसाळ्याच्या तोंडावरच्या होत्या.

नळीची घडी

पहिल्या गटाचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्या कोणालाही हा होऊ शकतो. मूत्राशय तुंबलं, शौच अडकलं, त्वचेला जखम झाली, पायाचं नख मांसात रुतलं, की खालच्या शरीराचा संदेश मेंदूपर्यंत पोचत नाही. मात्र मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंची प्रतिक्रिया बेलगाम सुटते आणि रक्तवाहिन्या आवळतात. रक्तदाब चढतो. मेंदूला तो कळतो, तो हृदयाचे ठोके कमी करतो, पण खाली "सैल सोडा" हा निरोप पाठवायला वाट नाही. नेहमीच्या आकड्यापेक्षा वरचा आकडा २० ते ४० ने वाढला तरी हा झटका धरायचा. जिवाची धास्ती वाटणं हे याचं एक लक्षणच आहे. त्याला मनाचा आजार समजून शांत व्हायला सांगत बसलं तर तेवढा वेळ वाया जातो, आणि रक्तदाब फार चढला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

अण्णांच्या बाबतीत कारण साधं होतं. बॅग कॉटच्या उजव्या बाजूला अडकवलेली. डाव्या कुशीवर वळवलं की नळी मांडीखाली यायची आणि घडी पडायची. उपाय: नळी मांडीवरून घेऊन पट्टीने मांडीला चिकटवायची, थोडी सैल ठेवून, आणि कूस बदलली की बॅगही त्या बाजूला न्यायची. बॅग मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी. दर वळवणीनंतर बोटाने नळी बॅगेपासून वरपर्यंत चाचपायची. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि त्या पंधरवड्यातल्या सर्वांत वाईट रात्री तेवढ्याने थांबल्या.

झटका आला तर काय करायचं, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॉटशेजारी चिकटवलं. आधी उठवून ताठ बसवायचं आणि पाय खाली सोडायचे. बऱ्याच घरांत इथेच चूक होते: माणूस घाबरला म्हणून त्याला आडवं करून पाय चेपतात, आणि रक्तदाब आणखी चढतो. मग पोटाचा पट्टा, लेंग्याची नाडी, मोजे सैल. मग नळी. घडी नसेल आणि तरी लघवी येत नसेल तर निर्जंतुक सलाइन १० ते १५ मिलिलिटर, कोमट, हळूच आत सोडून बघायचं. जोर लावायचा नाही. तरी तुंबलेलं असेल तर कॅथेटर बदलायचा, आत लिग्नोकेन जेली (बधिर करणारी) सोडून दोन-तीन मिनिटं थांबल्यावरच, नाहीतर बदलण्याच्या टोचणीनेच झटका वाढतो. मूत्राशय मोकळं असेल तर पुढचा संशय गुदाशयाचा. तिथेही आधी जेली, मग बोट. रक्तदाब दर दोन ते पाच मिनिटांनी. वरचा आकडा १५० च्या पुढे राहिला किंवा कारण सापडलं नाही, तर डॉक्टरांनी या प्रसंगासाठी आधीच लिहून दिलेली गोळी आणि १०८ ला फोन.

कागदाच्या तळाशी एक ओळ इस्पितळासाठी: "यांचा नेहमीचा रक्तदाब ९५/६० आहे. १४० यांच्यासाठी धोक्याचा आहे." रात्रपाळीच्या डॉक्टरला १४५ बघून विशेष काही वाटत नाही. त्यात त्याचा दोष कमी. असे रुग्ण त्याच्यासमोर क्वचितच येतात.

घोरणं, गोळी आणि मास्क

दुसऱ्या गटासाठी मिरजेला जावं लागलं. फुप्फुसतज्ज्ञांनी घरीच एका रात्रीची झोपेची तपासणी करवून घेतली. झोपेत श्वास तासाला तीसपेक्षा जास्त वेळा अडत होता, म्हणजे तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया. मानेच्या दुखापतीनंतर तो सर्वसाधारण माणसांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. उताणं झोपणं, अशक्त श्वसनस्नायू, सात वर्षांत जाड झालेली मान, आखडणाऱ्या पायांसाठी चालू असलेलं बॅक्लोफेन, आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अनुकंपी (सिम्पथेटिक) मज्जासंस्थेचा ताबा सुटल्यामुळे कायम चोंदलेलं नाक, सगळं एकाच दिशेला ओढतं. त्यात क्लोनाझेपाम पडलं. अशी गोळी घशाचे स्नायू आणखी सैल करते आणि गुदमरून जाग येण्याची मेंदूची सवयही मंद करते. सकाळचं डोकं जड होणं त्याचंच. रात्री रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. एकदम बंद करू नये. बॅक्लोफेन तर कधीच एकदम थांबवू नये. त्याने आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी, कारण नातेवाईक हमखास उलटं करतात. श्वास पुरत नाही म्हटल्यावर उशा लावून बसवतात. मानेच्या दुखापतीत बसल्यावर पोट पुढे लोंबतं, छाती-पोटामधला श्वासाचा पडदा खाली सपाट होतो आणि एका श्वासात मावणारी हवा कमी होते. आडवं झाल्यावर ती वाढते. म्हणजे रक्तदाब चढलेला असेल तर बसवायचं, आणि नुसता दम पुरत नसेल तर आडवं पण कुशीवर. दोन्हींतला फरक कळण्यासाठीच रक्तदाबाचं यंत्र उशाशी.

सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं) आलं, पण नवी भीती घेऊन. हात वापरता न येणाऱ्या माणसाच्या तोंडावर मास्क बांधायचा आणि दिवा मालवून निघून जायचं, ही कल्पनाच अण्णांना सहन होईना. मास्क नाकापुरता निवडला, तोंड मोकळं राहील असा. लाइट गेली तरी तोंडाने श्वास चालू राहतो. (तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कलाही यासाठी झडप असते, ती चालते की नाही हे दुकानातच बघून घ्यावं.) पहिले चार दिवस दुपारी, टीव्ही बघताना, वहिनींनी मास्क फक्त हाताने धरला, पाच ते दहा मिनिटं, यंत्र चालू. मग पट्टे बांधून अर्धा तास. मग दुपारच्या डुलकीला. रात्री लावायला तिसरा आठवडा उजाडला. मधे एकदा घाई केली, पूर्ण रात्र लावून बघितला, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दाढी वाढली की मास्कच्या कडेने हवा गळते आणि डोळ्यांवर येते, म्हणून दाढी आता एक दिवसाआड.

हाक

या घराची खरी गाठ मात्र तिसऱ्या ठिकाणी होती. अण्णांना श्वासाची भीती कमी आणि हाक ऐकू जाणार नाही याची जास्त होती. छातीचे स्नायू चालत नसल्यामुळे आवाज लहान. मधे दार, पंख्याची घरघर, एअर बेडच्या पंपाचा आवाज. आणि पलीकडे दिवसभर राबून पडलेली बायको, जिला उठवायचं म्हणजे जीव कचरायचा. नाकावर डास बसला तरी ते सोसायचे, घामाने मान भिजली तरी सोसायचे, आणि सोसणं शिगेला पोचलं की घाबरगुंडी उडायची. मग मारलेली हाक आधीच किंकाळी झालेली असायची.

पहिला प्रयोग मोबाइलचा: आवाजाने हुकूम देऊन वहिनींना फोन. दिवसा उत्तम. रात्री कूस बदलली की मोबाइल पाठीमागे जायचा, मास्क लावल्यावर त्याला शब्द कळेना, आणि एकदा वहिनींचाच फोन सायलेंटवर. दुसरा प्रयोग बिनतारी डोअरबेलचा. तिचा रिसीव्हर भिंतीच्या प्लगमधला निघाला, लाइट गेली की बेलही गेली. म्हणजे जिची गरज सर्वांत जास्त, त्याच रात्री ती मुकी.

टिकलं ते असं: सेलवर चालणाऱ्या रिसीव्हरची बेल घेतली. तिच्या बटणाचं झाकण उघडून आतल्या बटणाच्या दोन टोकांना दोन तारा डागल्या आणि त्या तळहाताएवढ्या, हलक्या दाबाच्या बटणाला जोडल्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या पोराने अर्ध्या तासात करून दिलं, खर्च हजाराच्या आत. बटण लवचिक मानेच्या मोबाइल स्टँडवर बसवलं, गालापासून दोन बोटं अंतरावर. जवळ असेल तर झोपेत वाजतं, लांब असेल तर मान दुखते. कूस बदलली की स्टँड त्या बाजूला वळवायचा. विसरू नये म्हणून क्रम ठरवला: उशी, नळी, बटण, आणि मगच दिवा.

रोज रात्री दहाला अण्णा एकदा बेल दाबतात, पलीकडून "ऐकलं" असं उत्तर येतं. एकदाच. सुरुवातीला ते चार-पाचदा दाबून बघायचे, आणि प्रत्येक खात्रीने पुढची शंका वाढायची. एक टोला म्हणजे डास, खाज, तहान. तीन टोले म्हणजे लगेच या.

याहून मोठा फरक एका गजराने पडला. रात्री दोनला वहिनींचा गजर लागतो, त्या उठून कूस बदलतात, नळी बघतात, चेहरा पुसतात. आधी दर दोन तासांनी उठायच्या. चांगला एअर बेड होता म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवत तीन तासांवर आणलं: अकरा, दोन, पाच. दर वाढीनंतर ढुंगण, कंबरेची बाजू, टाचा बघायच्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर मागे फिरायचं. वळवताना पाठीमागे उशी देऊन तीसेक अंशांची तिरकी कूस, गुडघ्यांमधे उशी, टाचा अधांतरी. (एअर बेडवर आईंनी मायेने जाड वाकळ अंथरली होती. तिने बेडचा सगळा उपयोग मारला होता. वर एक पातळ चादर, बस्स. आणि बेडखाली तळहात घालून बघावं. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे.) कोणीतरी दोनला येणारच आहे हे माहीत झाल्यावर दीडला हाक मारायची गरज आपोआप कमी झाली. पंपाची, बेडसाइड दिव्याची आणि सीपॅपची वायर इन्व्हर्टरवर घेतली. सीपॅपचं पाणी गरम करणारं भांडं लाइट गेल्यावर बंद ठेवायचं, नाहीतर बॅटरी लवकर उतरते.

झोपेचे पुस्तकी नियम

निद्रानाशाच्या समुपदेशनात ठरलेला सल्ला असतो: वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा. अण्णांना हे सांगणं म्हणजे चेष्टाच. पण नियमामागचं कारण खरं आहे, अंथरुणाची आणि तळमळीची सांगड तोडायची. म्हणून दिवसा सकाळी नऊ ते बारा आणि चार ते आठ व्हीलचेअरवर, दुपारी आडवं झाले तर कॉटच्या पायथ्याकडे डोकं, खिडकीकडे तोंड. रात्री तळमळ सुरू झाली तर उशीखालच्या बारीक स्पीकरवर कीर्तन किंवा जुना श्रुतिका कार्यक्रम, झोप लागेपर्यंत नव्हे तर वीस मिनिटं. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्धा तास. पाय वर करून दुपारी आडवं होण्याचा आणखी एक फायदा: दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्रीऐवजी दुपारीच लघवीवाटे जातं. संध्याकाळी सातनंतर पाणी घोटघोटच.

श्वासाचे व्यायामही जपून. "श्वास रोखून धरा, लांब सोडा" हे पोटाचे स्नायू नसलेल्या माणसाला जमत नाही, आणि न जमल्यानेच तो घाबरतो. भ्रामरीसारखा हलका गुणगुणता उच्छ्वास, जेवढा येईल तेवढा, अण्णांना मानवला. स्नायू आवळून सैल सोडायचे ते फक्त कपाळ, जबडा, खांदे आणि कोपरं. पायाच्या अंगठ्यापासून शरीराकडे लक्ष न्या, असं सांगणारी ध्वनिफीत लावली तेव्हा ते रडायला लागले. ती बंद केली.

झोप कमी असण्याला एक शारीरिक कारण आहे, जे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. अंधार झाल्याची खबर मेंदूतून मज्जारज्जूने छातीच्या वरच्या भागापर्यंत खाली जाते आणि तिथून पुन्हा वर मेंदूतल्या पिनियल ग्रंथीकडे. मग मेलाटोनिन स्रवतं. मानेत पूर्ण दुखापत असेल तर वाट मधेच तुटते आणि रात्रीचं मेलाटोनिन जवळजवळ तयारच होत नाही. डॉक्टरांनी रात्री नऊला ३ मिलिग्रॅम महिनाभर देऊन बघितलं. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. अण्णांना झोप लागायला थोडा कमी वेळ लागू लागला, म्हणून ठेवलं. अंगाचं तापमानही असंच बेताल. दुखापतीच्या खाली घाम येत नाही, म्हणून एप्रिल-मेमधे मान आणि दंडांवर पाण्याचा फवारा आणि पंखा. थंडीत पायमोजे आणि ब्लँकेट, पण गरम पाण्याची पिशवी कधीच नाही. न कळणाऱ्या कातडीला ती भाजून काढते.

पाणी

शेवटचा गट विचारांचा. रात्री दोनला एकच प्रश्न: नदीचं पाणी आलं तर मला कोण उचलणार? २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. या भागात राहणाऱ्याने ही भीती अवास्तव आहे असं कोणी सांगितलं तर का ऐकावं? इथे समजूत कामाची नव्हती, यादी होती. रोज संध्याकाळी पाचला वीस मिनिटं अण्णा मोबाइलवर मराठीत बोलून काळज्या टाइप करू लागले, दोन ढिगांत: ज्यावर काही करता येतं, आणि ज्यावर येत नाही. पूर पहिल्या ढिगात गेला. ठरलं असं: आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आपण ३० ला सामान बांधायचं, ३५ ला निघायचं, दिवसाउजेडी, बहिणीकडे मिरजेत. उचलायला चार माणसं, नावं आणि नंबर भिंतीवर. व्हीलचेअरच्या गादीसकट टेंपो, कारण नुसत्या फळीवर नेलं तर जखम होऊ शकते. आठ दिवसांचे कॅथेटर, बॅगा, जेली, गोळ्या. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. दुसऱ्या ढिगासाठी टेलि-मानसचा (मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ नंबर. तिथे मराठीत बोलता येतं, आणि दोनदा अण्णा बोललेही, रात्री.

तीन महिन्यांनी हिशेब असा: झोप तुकड्यातुकड्यांनी साडेपाच-सहा तास. घाबरून जाग पंधरवड्यात एक-दोनदा, आणि त्यातली निम्मी अजून नळीचीच. सीपॅप आठवड्यातले पाच दिवस. वहिनींची झोप मात्र तीनच तुकड्यांत आहे. शनिवारी रात्री दोनची पाळी पुतण्या घेतो, तेवढाच सुटकारा.

ऑगस्टात पाणी ३५ फुटांवर आलं तेव्हा दुपारी चारला टेंपो निघाला. मिरजेत पहिल्या रात्री अण्णांना अजिबात झोप लागली नाही. बटण आणलं होतं, रिसीव्हर सांगलीत राहिला होता. आता तो यादीत पहिल्या नंबरला आहे, कॅथेटरच्याही आधी.